साडूंच्या डोक्यावरची टोपली

"बाई, माझे सासरे कुठं गेले?"

ट्रेनिंगवाल्या बाईंनी नाकाला लावलेला रुमाल खाली घेतला. मुख्य कार्यालयातून त्या पहिल्या बसने आल्या होत्या आणि येताना सर्दी बरोबर घेऊन आल्या होत्या. आतापर्यंत ज्या ज्या कार्यालयात गेल्या तिथे लोकांनी त्यांना 'स्टार्टचं बटण कुठं गेलं' हे विचारलं होतं, 'ही रंगीबेरंगी फरशी कुणी बसवली' हेही विचारलं होतं. सासरे हरवण्याची ही पहिलीच वेळ होती.

"कोण गेलं म्हणालात?"

"सासरे. इथं मधोमध होते. त्यांच्या पोटावर सगळ्या छत्र्या होत्या. मागं मामेसासरे, त्यांच्यावर चष्मे. शनिवारी संध्याकाळी सोडून गेलो तेव्हा सगळी मंडळी जागच्या जागी होती. सोमवारी येऊन बघतो तर ही फरशी."

बाईंनी मदतीसाठी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथल्या रोखपाल बाईंनी मान वर न करता साक्ष दिली, "खरं सांगतायत. मी पण रोज बघायचे त्यांना. छान होते बिचारे."

बससेवेचं हे हरवलेल्या वस्तूंचं कार्यालय. माणसं बसमध्ये चढतात ती सामानासकट आणि उतरतात ती विचारांसकट. राहिलेलं सामान कंडक्टर इथे आणून देतात. खिडकीत बसलेल्या काकांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. बाकी सगळे त्यांना खूणकाका म्हणत. कारण खिडकीशी आलेल्या माणसाने 'माझी पिशवी...' एवढं म्हणायचा अवकाश, की काका विचारत, "खूण सांगा." कसली पिशवी, शेवटची कुठं पाहिली, बंद तुटलेला आहे का. समोर फळीवर पिशवी दिसत असली तरी खूण सांगितल्याशिवाय ती मिळत नसे. एकदा एका माणसाचं बूट घातलेलं लहान मूल बसमध्ये राहिलं होतं. मूल "बाबा" म्हणून धावत सुटलं, तरी काकांनी बापाला बुटाचा रंग विचारला होता.

असा हा माणूस दुसऱ्याच्या वस्तूच्या बाबतीत जितका काटेकोर, तितका स्वतःच्या फायलींच्या बाबतीत मोकळा. कॉम्प्युटर आला त्या दिवसापासून काकांनी एकाही फायलीला नाव दिलं नव्हतं. मशीन आपणहून 'नवीन' म्हणे, मग 'नवीन दोन', 'नवीन तीन'. काका म्हणत, ठीक आहे. त्यांची पद्धत वेगळी होती. स्क्रीनवर त्यांनी थोरल्या मुलीच्या लग्नातला सगळ्या घराचा फोटो लावला होता, आणि जी फाइल होईल ती ओढून कुणा ना कुणा नातेवाइकावर ठेवली होती. सासरे जन्मभर छत्र्या विसरत आले, म्हणून छत्र्या त्यांच्यावर. सासूबाई हसताना तोंडावर हात धरत, म्हणून दातांच्या कवळ्या त्यांच्यावर. भाचा फोनवरून मान वर काढत नसे, त्याच्यावर मोबाइल. 'मिळालं आणि मालकानं नेलं' ही सुखाची फाइल बायकोच्या हातात. काकांचा हात मेलेल्यांवरून आणि जिवंतांवरून सारख्याच सराईतपणे फिरे, आणि खिडकीतल्या माणसाची खूण सांगून संपायच्या आत नोंद हजर असे.

आता मुख्य कार्यालयाचं म्हणणं पडलं की पुढचा जमाना बोटाचा आहे. रविवारी माणसं येऊन सगळ्या मशीनमध्ये नवी व्यवस्था भरून गेली. मोठमोठे रंगीत चौकोन, बोटाने दाबायचे, बोटाने सरकवायचे. गंमत एवढीच की स्क्रीन होते जुनेच. त्यांना बोट कळत नव्हतं. जेवणघर नवं बांधायचं आणि जेवायला दात द्यायचे नाहीत, त्यातला प्रकार. सोमवारी सकाळी साहेब आपल्या केबिनमध्ये बराच वेळ स्क्रीन दाबत बसले. मग शिपायाकडून ओलं फडकं मागवलं, बोट पुसलं, पुन्हा दाबलं. शेवटी बाहेर येऊन म्हणाले, "माझं बोट कोरडं पडतं, डॉक्टर पण म्हणाले होते." दुपारपर्यंत कुठल्याशा कोपऱ्यात माउस गेला आणि त्यांच्यासमोर जगभरचं हवामान उघडलं. ते त्यांनी दिवसभर बंद केलं नाही. निदान काहीतरी चालू आहे असं दिसत होतं. रोखपाल बाईंना मशीन बंद करायचं बटणच सापडलं नाही, तेव्हा त्यांनी घरी जाताना पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसा स्क्रीनवर टॉवेल टाकला.

मंगळवारी बाई आल्या, आणि सासऱ्यांचा प्रश्न निघाला.

"काका, तुमच्या सगळ्या फायली आहेत. गेलेलं काही नाही. एका ठिकाणी गोळा केल्यात. बोला, कुठली हवी? नाव काय?"

"नवीन."

"कुठली नवीन?"

"सगळ्याच नवीन आहेत."

"अहो, मग ओळखायची कशी? काही खूण?"

खिडकीबाहेर रांगेत उभे असलेले दोघेतिघे हसले. त्यातला एक आदल्या आठवड्यात टोपीच्या अस्तराचा रंग न सांगता आल्यामुळे परत गेलेला होता. तो जरा जास्तच हसला.

"शेवटची कुठं पाहिली होती?" बाईंनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण काकांना ते लागलं.

"सांगितलं की. सासऱ्यांच्या पोटावर."

बाई कामाच्या होत्या. हसण्यात वेळ न घालवता त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक 'नवीन' उघडायला सुरुवात केली. काका सांगत ते लिहीत: छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकेकट्या चपला. बुधवार दुपारपर्यंत सगळ्या फायलींची बारशी झाली. बारशाला नाव ठेवणारी आत्या लागते, इथे सर्दी झालेल्या बाई होत्या.

"आता तुमचा फोटो बघायचाय मला," बाई म्हणाल्या. "तो गेलेला नाहीये. या चौकोनाच्या मागं आहे." त्यांनी एक चौकोन दाबला आणि फरशी सरकून लग्न समोर आलं.

काका पुढे वाकले. फायली उचलल्या गेल्यामुळे माणसं उघडी पडली होती. सासऱ्यांच्या कोटाला तीन बटणं होती, हे काकांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं. सासूबाई हात न धरता हसत होत्या. सगळे चेहरे धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ.

एकच सोडून. मागच्या रांगेत डाव्या टोकाला जे उंच गृहस्थ उभे होते, त्यांच्या डोक्यावर तेवढी कचऱ्याची टोपली होती.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

रोखपाल बाईंनी मान वर केली. दोन दिवसांत पहिल्यांदा. "साडू," त्या म्हणाल्या, "बोलणं बंद आहे त्यांच्याशी."

काकांच्या बायकोची थोरली बहीण या साडूंना दिलेली. साडू वजनमापे खात्यात निरीक्षक होते आणि निवृत्त झाल्यावरही खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. दुकानातला काटा एक केस इकडे झुकला तर त्यांना कळे, आणि आपला मान किती भरतो तेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी ते काकांना कुठल्याशा समारंभाला बरोबर न्यायला म्हणून कार्यालयात आले, आणि स्क्रीनवर त्यांनी स्वतःला पाहिलं. आत्या, मामा, भाचे सगळ्यांवर कागद, आणि आपल्या डोक्यावर कचऱ्याची टोपली. तेवढ्यात काकांनी एक जुनी फाइल ओढून टोपलीत टाकली. साडूंच्या बाजूने पाहिलं तर ती तोंडावर मारली.

"ही टोपली काढा," साडू म्हणाले होते.

"अहो साडूभाऊ, ती मी नाही ठेवलेली. कंपनीची आहे. तिथंच येते ती, जागची हलत नाही."

"हलवायची इच्छा असेल तर डोंगर हलतो."

"डोंगर हलेल हो. टोपली नाही हलत."

साडू समारंभाला एकटे गेले. तेव्हापासून दोन घरांचं जाणं-येणं बंद. बहिणी फोनवर बोलत, तेही नवरे घरी नसताना. दोघींनी पन्नाशी ओलांडली होती आणि शाळकरी मुलींसारख्या चोरून बोलत होत्या.

त्यात तीन महिन्यांपूर्वी आणखी एक नग जमा झाला. कंडक्टरने मागच्या बाकावर सापडलेली लांब दांड्याची काळी छत्री आणून दिली. काकांनी ती बघताक्षणी ओळखली. साडूंच्या वडिलांची ती छत्री. साडू ती पावसात कमी आणि बोलताना जास्त वापरत. आता नियम असा की मालकाने स्वतः यायचं, खूण सांगायची आणि न्यायची. तीन महिन्यांत कुणी आलं नाही तर लिलाव. साडू म्हणाले, त्या कार्यालयाची पायरी चढणार नाही. काका म्हणाले, नियम म्हणजे नियम.

"घरी घेऊन या ना," बायको म्हणाली होती. "मी ताईकडे पोचवते. कुणाला कळणार नाही."

"नोंद झालीये."

"तुमच्या टोपलीनं माझी बहीण दुरावली. आता नोंदीनं छत्री पण जाऊ दे. लिलाव झाल्यावर भाऊजी या जन्मात तोंड बघणार नाहीत आपलं. मग करा नोंद."

लिलाव या शनिवारी होता.

"कचऱ्याची टोपली फारच वाईट ठिकाणी आहे," ट्रेनिंगवाल्या बाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी माउसने टोपली उचलून शेजारच्या झेंडूसारख्या पिवळ्या साडीवर ठेवली. मग परत साडूंवर. मग पुन्हा साडीवर. शिंक आली म्हणून मध्ये थांबल्या.

काका खुर्चीतून अर्धे उठले.

"काय झालं?"

"हलते ही?"

"टोपली? हलते की. पहिल्यापासून हलते. जुन्या मशीनमध्ये पण हलायची."

"पहिल्यापासून?"

"तुम्ही कधी ओढून नाही बघितली?"

काकांनी सासरे ओढले होते, मामे ओढले होते, विहीणबाईंवरून चपला ओढून मावशींवर नेल्या होत्या. टोपली ओढून बघितली नव्हती. तिच्यात टाकायचं असतं, तिला हात लावायचा नसतो, असं त्यांचं मत होतं. आणि खरं सांगायचं तर साडूंच्या डोक्यावर ती शोभते, असंही एक मत त्याच्या खाली घडी घालून ठेवलेलं होतं. माणूस आपल्या मतांच्या वरच्या थरालाच तेवढा हात लावतो.

बाई संध्याकाळच्या बसने गेल्या. जाताना मशीन बंद कसं करायचं ते सगळ्यांना शिकवून गेल्या. रोखपाल बाई म्हणाल्या, "टॉवेल बरा."

त्या गेल्यावर काकांनी कार्यालयाच्या फोनवरून साडूंचा नंबर लावला. पाठ होता.

"हॅलो, कोण?"

"मी बोलतोय."

"मी म्हणजे?"

नमस्कारापासून सुरुवात केली असती तर तीन वर्षांचा हिशेब मध्ये आला असता. "टोपली हलते," काका म्हणाले.

पलीकडून साडूंच्या घरातलं घड्याळ ऐकू आलं.

"काय म्हणालात?"

"कचऱ्याची टोपली. हलते. आज कळलं मला."

"मला तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं."

"तुमच्याकडं कुठं कॉम्प्युटर आहे?"

"त्याला कॉम्प्युटर लागत नाही."

हे बरोबरच होतं. काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "छत्री शुक्रवारपर्यंत आहे. शनिवारी लिलाव."

"माझी छत्री हरवलेली नाही."

"बरं. मग ज्याची कुणाची असेल त्यानं यावं. खूण सांगावी आणि न्यावी."

साडूंनी फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला. काकांनी तेवढं जमेच्या बाजूला लिहून घेतलं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत काका डबा तसाच ठेवून फोटो उघडून बसले. टोपली साडूंवरून काढायची हे ठरलं होतं, पण ठेवायची कुणावर? पिवळी साडी मावससासूबाईंची होती. त्या अजून टोचून बोलायच्या वयात होत्या. सासरे वारले होते, गेलेल्या माणसाच्या डोक्यावर कचरा शोभत नाही. बायकोवर ठेवली तर संध्याकाळी घरी जायचं होतं. विहीणबाईंवर ठेवली तर मुलगी त्यांच्या घरात होती. भाच्यावर ठेवून पाहिली. भाचा फोटोतसुद्धा खाली बघत होता, त्याला काही फरक पडला नसता, पण पोरगं परीक्षेत नुकतंच नापास झालं होतं. वरती फुलांची कमान होती. काकांनी टोपली कमानीवर नेऊन सोडली, तर ती उडी मारून मामेसासऱ्यांवर जाऊन बसली. ही टोपली रांग सोडून बसत नव्हती, आणि फोटोग्राफरने रांगेत तसूभर जागा रिकामी सोडली नव्हती.

"अजून कोण राहिलंय?" रोखपाल बाईंनी मागून विचारलं. त्या केव्हाच्या उभ्या होत्या.

मागच्या रांगेत उजव्या टोकाला एक माणूस राहिला होता. फोटोच्या वेळी सगळ्यांनी आपापल्या पर्सा, स्वेटर, शाली त्याच्या हातात दिल्या होत्या, आणि तो हनुवटीपर्यंत भरलेला उभा होता. हरवलं तर जबाबदारी आपली, अशी त्याची मुद्रा होती.

"हे तर तुम्ही," रोखपाल बाई म्हणाल्या.

काकांनी टोपली उचलली आणि तिथे नेऊन सोडली. ती एकदाही उडी न मारता बसली.

शुक्रवारी सकाळी साडू आले नाहीत. दुपारीही आले नाहीत. गोदामवाला लिलावाच्या वस्तू बाहेर काढायला लागला आणि छत्र्यांचा भारा काकांच्या टेबलाजवळ आणून टेकवून गेला. काकांनी त्यातली लांब दांड्याची छत्री सगळ्यात खाली सरकवली. हे नियमात बसतं की नाही याचा त्यांनी विचार केला नाही.

खिडकी बंद व्हायला थोडा वेळ असताना रांगेच्या शेवटी एक उंच डोकं दिसलं. साडू इस्त्रीच्या कपड्यात, सरळ, रांगेत उभे होते. मधल्या माणसाने "आजोबा, तुम्ही व्हा पुढं," म्हटलं, तर म्हणाले, "रांग आहे."

त्यांचा नंबर आला. दोघांमध्ये काच होती.

"बोला," काका म्हणाले.

"आधी दाखवा."

"काय?"

"हलते म्हणालात ना. दाखवा."

काकांनी चौकोन दाबायला घेतला आणि माउस शेजारच्या चौकोनावर गेल्यामुळे हवामान उघडलं. मग नकाशा. मग हसणाऱ्या लोकांचे फोटो, जे कुणाच्याच ओळखीचे नव्हते. तेवढ्यात साहेब केबिनमधून बाहेर आले आणि कौतुकाने म्हणाले, "वा, काका, तुमचं तर बरंच चालू आहे." शेवटी फरशी सरकली. काकांनी स्क्रीन फिरवून काचेकडे केला.

साडूंनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, चष्मा काढला, लावला, आणि घर खिडकीच्या फळीवर कडेला कड लावून ठेवलं. मग काचेला नाक टेकेपर्यंत वाकले. डावं टोक आधी बघितलं. तिथे ते स्वतः उभे होते, डोक्यावर काही नाही, केस नीट भांग पाडलेले.

"बारीक होतो तेव्हा," ते म्हणाले.

"हो."

साडूंची नजर एकेकावरून सावकाश पुढे सरकली. वजनं तपासताना सरकत असे तशीच. उजव्या टोकाला येऊन थांबली.

"तुम्ही कुठं आहात?"

"आहे की. टोपलीखाली."

साडूंनी बोट उचलून उजवं टोक दाखवायला काचेवर दाबलं. "हातातल्या पर्सा कुणाच्या?"

"सगळ्यांच्याच. एक मेहुणींची आहे."

"तपकिरी."

"तपकिरीच."

मागे कुणीतरी खाकरलं. साडूंच्या मागं आणखी दोघं येऊन उभे राहिले होते. काकांनी स्क्रीन आपल्याकडे फिरवला, छत्र्यांची फाइल उघडायला घेतली. नावाने शोधायची होती, तरी हात सवयीने आधी मध्यभागी, सासऱ्यांच्या पोटाकडेच गेला. नोंद सापडली.

"खूण सांगा."

"तुम्हाला माहीत आहे."

"मला माहीत असून चालत नाही, साडूभाऊ. मालकाला माहीत पाहिजे."

साडूंनी काकांकडे पाहिलं. हा नियम त्यांना आवडला, हे त्यांच्या चेहऱ्यावर आलं आणि लगेच गेलं. "एक काडी निळ्या दोऱ्यानं बांधलीये. आतून. तुमच्या मेहुणीनं बांधलीये. मी टाकून देत होतो, ती म्हणाली, अजून चालेल."

काका वाकले, भाऱ्याच्या तळातून छत्री ओढली, अर्धी उघडली. निळा दोरा होता. त्यांनी छत्री खिडकीतून दांडा पुढे करून दिली.

"येतो," साडू म्हणाले.

"या."

ते दारापर्यंत गेले, पायरीशी थांबून छत्री बगलेत नीट मारली आणि निघून गेले. चष्मा डोळ्यांवर तसाच होता.

खिडकी लावताना काकांना फळीवर चष्म्याचं घर दिसलं. कडेला कड लावून ठेवलेलं. जो माणूस जन्मात एकच वस्तू विसरला होता, त्याची ही दुसरी. काकांनी ते उघडून पाहिलं, मिटलं, 'नवीन नोंद' हा चौकोन दाबला. रिकामा रकाना उघडून मशीन वाट बघत राहिलं. काकांनी चौकोन बंद केला आणि घर स्वतःच्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"काका, नोंद?" रोखपाल बाई टॉवेलची घडी मोडता मोडता म्हणाल्या.

"मालक माहीत आहे."

"छत्रीचा पण माहीत होता की."

"तेव्हा टोपली हलत नव्हती," काका म्हणाले, आणि त्यांच्या हातातला टॉवेल घेऊन त्यांनी आपल्या स्क्रीनवर नीट पसरला.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. काकांनी घरी फोन करून बायकोला सांगितलं की रविवारी ताईंकडे जायचं आहे, एक वस्तू पोचवायची आहे. तिकडून कसली वस्तू म्हणून विचारणं झालं नाही. कोणती साडी नेसू, एवढंच झालं. उतरेपर्यंत त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशावर होता. शेजारचा माणूस उतरताना आपली पिशवी बाकावरच ठेवून चालला होता. काकांनी डाव्या हाताने ती उचलून त्याच्या हातात दिली आणि खूण काही विचारली नाही.